निरंक



हवामान बदलाच्या परिणामांचं मूल्यमापन आणि अनुकूलन, अशा नावाची प्रशिक्षणं हल्ली वारंवार होतात. नाव लांबलचक, अर्थ सोपा. पाऊस-उन्हाचं तंत्र बिघडलं तर कुणाचं किती नुकसान होईल ते आधी मोजायचं आणि निभावून नेण्याची तजवीज करायची. काम वाईट नाही. आपल्याइतकी त्याची गरज दुसऱ्या कुणाला असेल?

मागे अशाच एका प्रशिक्षणाला मोताळ्याहून आपले काही साथी जाऊन बसले. सकाळी पडद्यावर रंगीत नकाशे. दुपारी गावाचा तक्ता भरायला दिला. पहिला रकाना गट क्रमांकाचा, दुसरा सात-बाराप्रमाणे क्षेत्राचा. आपल्या माणसाने पेन खाली ठेवला. बापाच्या काळापासून कसतो ते वावर कागदावर जंगल आहे. दावा टाकलाय, पोच आहे, निकाल नाही. शिकवणारा भला माणूस होता. म्हणाला, “मग निरंक लिहा.”

आमचं भांडण या निरंकाशी आहे. मूल्यमापनात जो निरंक, तो नुकसानीतही निरंक. २०२३ च्या जुलैत जळगाव जामोद-संग्रामपूरकडे पुराने वावरं खरडून नेली. पाण्याने कुणाचा सात-बारा विचारला नाही, पंचनाम्याला मात्र तोच लागतो.

२०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प १५ जिल्ह्यांत आला, बुलढाणा त्यात आहे. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा, ही त्यातली गोष्ट आम्हाला पटते. पण घाटाचं पाणी आधी जंगलात मुरतं, मग नळगंगेला येतं. ते जंगल राखणाऱ्या गावाचं नाव ताळेबंदात जमेच्या बाजूला यायला नको का?

दुसरी भीती आहे ती ‘अनुकूलन’ या शब्दाची. अनुकूलन म्हणजे झाडं लावा, असं ठरलं की खड्डे खणायला नेमकं आपलंच वावर दिसतं. तेव्हा २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ४(५) तोंडपाठ ठेवा. दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कसणाऱ्याला ताब्यातून काढता येत नाही. आणि कलम ५ ने जंगल, पाणी, जीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. जे राखायचं ते मोजायचंही ग्रामसभेनेच.

आता थोडं आपल्याकडे पाहू. मोहा यंदा कधी गळायला लागला, चारोळी कुठं धरलीच नाही, झिरा कोणत्या महिन्यात आटला, हे आपल्या म्हाताऱ्या बायांना कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त ठाऊक. पण सगळं तोंडी! साहेबाने पुरावा मागितला की आपण एकमेकांकडे बघतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने अभ्यासगट करून वर्षानुवर्षं गावातच अभ्यास केला. २००९ साली त्यांना १८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्यांचं प्रशिक्षण कुठल्या हॉटेलात झालं नव्हतं.

म्हणून या पावसाळ्यापासून गावागणिक एक वही. पाऊस कधी आला, किती खंड पडला. विहिरीचं पाणी दर पौर्णिमेला गाठी मारलेल्या दोराने मोजायचं. मोहा, तेंदू, चारोळीच्या तारखा लिहायच्या. दावा मंजूर असो, नामंजूर असो की लटकलेला, प्रत्येक कसणाऱ्याचं पीक आणि नुकसान लिहायचं. दर ग्रामसभेत वही वाचून ठरावात घ्यायची, सह्या-अंगठे घ्यायचे. आणि प्रशिक्षणाला बोलावणं आलंच तर जरूर जा, फुकटच्या जेवणासाठी नव्हे, तक्त्यात ‘वनहक्क दावा क्रमांक’ असा रकाना घाला म्हणून सांगायला. तो ठराव सोबत न्या.

वही कुणाकडे द्यायची ते पुढच्या सभेत ठरवा. आमचं मत विचाराल तर गावातल्या शिकलेल्या सुनेकडे द्या. पोरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मग वही पावसाळ्यापुरतीच राहते.