शंभराव्या पायरीचा हिशेब

बालदोस्तांनो, ‘मधली सुट्टी’त आज आधी एक कोडं घालते. एक शिडी आहे, पण ती भिंतीला टेकलेली नाही. पायऱ्या शंभर, पण पाय एकदाही उचलावा लागत नाही, दुखतात ती बोटं! शिडीला हात लावायचे पैसे वेगळे, चढायचे कष्ट तुमचेच, आणि सत्तर-बहात्तर दिवस झाले की मालक येऊन शिडी काढून नेतो. ओळखा पाहू!

सापशिडी म्हणालात? अंहं. या शिडीवर साप नाहीत. निदान दिसत तरी नाहीत! उत्तर आहे, कॉम्प्युटर आणि मोबाइलवरच्या खेळांतला ‘पास’. कुणी त्याला बॅटल पास म्हणतं, कुणी रॉयल पास. ज्यांच्या घरी असले खेळ नाहीत, त्यांनी पान उलटू नका हं. या शिडीत गणित आहे, आणि गणित सगळ्यांच्याच दप्तरात असतं.

हा विषय निघाला आमच्या वर्गात. चौथीतला एक मुलगा डबा न उघडताच बाकावर डोकं ठेवून झोपला होता. मी विचारलं, “काय रे, बरं वाटत नाही का?” तो म्हणाला, “बरंय बाई. पण सीझन संपतोय. तीनच दिवस राहिलेत आणि माझ्या एकोणीस पायऱ्या बाकी आहेत.” शेजारचा म्हणाला, “त्यानं पास घेतलाय ना बाई, आता पैसे वाया जाणार!” आणि मागच्या बाकावरून आवाज आला, “नाहीतर डिफॉल्टच राहील तो!” सगळे हसले. त्याचे मात्र कान लाल झाले.

‘डिफॉल्ट’ म्हणजे खेळात सगळ्यांना फुकट मिळणारा साधा पोशाख. तोच घालून खेळणाऱ्याला चिडवण्यासाठी मुलांनी त्याची शिवीच करून टाकली आहे. खेळातल्या कपड्यांवरून वर्गात एखाद्याचे कान लाल होत असतील, तर तो विषय आपल्या सदरात यायलाच हवा. हो की नाही?

आता ही शिडी आली कुठून ते बघू. २०१३ साली ‘डोटा २’ नावाच्या खेळाच्या मोठ्या स्पर्धेच्या वेळी कंपनीने एक डिजिटल पुस्तिका विकायला काढली. तिच्या किमतीतला पाव हिस्सा स्पर्धेच्या बक्षिसात जमा होई, आणि घेणाऱ्याला खेळातल्या लहानसहान भेटी मिळत. पण घराघरांत ही कल्पना पोचवली ती ‘फोर्टनाइट’ने. अमेरिकेतल्या एपिक गेम्स या कंपनीचा हा खेळ जुलै २०१७ मध्ये आला, तेव्हा चौघांनी मिळून किल्ला बांधायचा आणि चाल करून येणाऱ्या राक्षसांपासून जीव वाचवायचा, असा त्याचा डाव होता. सप्टेंबर २०१७ मध्ये दुसरा डाव आला. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. लाकूड, वीट आणि धातू गोळा करून झटपट भिंती आणि जिने उभारायचे. भोवती वादळाचं कडं आवळत येतं, आणि शेवटी उरेल तो जिंकला.

हा दुसरा डाव फुकट! मग कंपनीचं पोट कशावर भरतं? तर पोशाखांवर, नाचांवर, पाठीवरच्या पिशव्यांवर. यातल्या कशानेही नेम चांगला होत नाही की भिंत पक्की होत नाही. नुसती शोभा! डिसेंबर २०१७ मध्ये दुसऱ्या हंगामासोबत पहिला बॅटल पास आला. त्याला सत्तर पायऱ्या होत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या हंगामापासून त्या शंभर झाल्या.

पासची किंमत होती ९५० व्ही-बक्स. व्ही-बक्स म्हणजे खेळातली नाणी. २०१८ मध्ये अमेरिकेत त्यांचं सर्वांत लहान पाकीट १००० नाण्यांचं होतं, आणि ते साधारण १० डॉलरना मिळे. म्हणजे पास घेतला की ५० नाणी पडून राहत. त्यात दुकानातलं काही येत नसे, पण टाकून देववतही नसे. दुसरी गंमत बघा. शिडी पुरेशी चढलात तर वाटेत मिळणाऱ्या नाण्यांची बेरीज ९५० च्या वर जाई, म्हणजे पुढचा पास त्याच नाण्यांत! ऐकायला छान वाटतं. पण त्यासाठी काय लागतं? प्रत्येक हंगामात, न चुकता, शिडी चढत राहावं लागतं.

पास घेतला की बक्षिसं आपली झाली, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं बरं का! पासाने फक्त शिडीला हात लावायची परवानगी मिळते. बक्षिसाची खरी किंमत दुसऱ्याच नाण्यात मोजावी लागते. ते नाणं म्हणजे तुमचा वेळ.

काढा वही. एक पायरी चढायला समजा ४५ मिनिटं लागतात. (तुमच्या खेळात किती लागतात, ते तुम्हीच घड्याळ लावून बघा.) १०० पायऱ्या गुणिले ४५ म्हणजे ४५०० मिनिटं, म्हणजे ७५ तास. शाळा रोज पाच तासांची धरली तर पंधरा दिवसांची शाळा झाली की! हंगाम ७० दिवसांचा असेल, तर रोज सुमारे ६४ मिनिटं. एवढं जमेलही एखाद्याला. पण दोन आठवडे परीक्षेचे आणि एक आठवडा मामाच्या गावाला गेला, तर उरतात ४९ दिवस. आता रोज ९२ मिनिटं! आणि शेवटच्या दहा दिवसांत ४० पायऱ्या राहिल्या असतील, तर रोज तब्बल तीन तास. हे तीन तास येणार कुठून? अभ्यासातून, मैदानावरून, नाहीतर झोपेतून.

आमच्या वर्गातल्या त्या मुलाचं गणितही आम्ही फळ्यावर मांडलं. १९ पायऱ्या गुणिले ४५, भागिले ३. उत्तर आलं २८५ मिनिटं, म्हणजे रोज पावणेपाच तास! वर्ग एकदम गप्प झाला. मग मी विचारलं, “या एकोणीस पायऱ्यांवर ठेवलंय तरी काय?” तो आठवून आठवून सांगू लागला. एक शिक्का, एक रंग, थोडी नाणी… सांगता सांगता तो स्वतःच थांबला. “बाई, यातलं मला खरं म्हणजे एकच हवंय. ते शहाऐंशीव्या पायरीवर आहे.” तो एक्क्याऐंशीवर होता. पाच पायऱ्यांचे होतात २२५ मिनिटं, भागिले तीन म्हणजे रोज ७५. “तेवढंच करतो,” म्हणाला, आणि डबा उघडला. बाकीच्या चौदा पायऱ्या त्याने आपणहून सोडून दिल्या. मला विचाराल तर त्या दिवशी वर्गात भागाकार सगळ्यांत चांगला त्यालाच कळला!

आता ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ या भीतीविषयी. आंब्याचा हंगाम संपला तर आपण हळहळतो, पण घाबरत नाही. पुढच्या वैशाखात आंबा येणारच. संक्रांतीचा पतंग कटला तरी पुढच्या वर्षी आकाश तिथेच असतं. पासच्या हंगामाची गोष्ट वेगळी. हंगाम संपला की त्यातला पोशाख पुन्हा मिळणार नाही, असा तिथला नियम होता.

१ मे २०१८ रोजी फोर्टनाइटचा चौथा हंगाम सुरू झाला. शंभराव्या पायरीवर ‘ओमेगा’ नावाचा काळा पोशाख होता. पायऱ्या प्रत्येकी १५० नाण्यांना विकतही घेता येत. पण ओमेगाचं पूर्ण चिलखत हवं असेल, तर पायऱ्यांखेरीज खेळून खेळून ८० वी पातळी गाठावी लागे, आणि ती काही विकत मिळत नसे. हंगाम जुलैमध्ये संपला. शंभरावी पायरी गाठूनही चिलखत अर्धवट राहिलेले खेळाडू कितीतरी होते, आणि त्यांनी तक्रारीही केल्या. पाचव्या हंगामात कंपनीने नियम बदलला. तशा पोशाखांचं उरलेलं काम हंगाम संपल्यावरही पूर्ण करता येऊ लागलं. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या हंगामापासून कंपनीने आणखी एक बदल जाहीर केला. त्या आणि त्यानंतरच्या पासांतले पोशाख अठरा महिन्यांनंतर दुकानात विक्रीला येऊ शकतील, असं सांगितलं.

म्हणजे बघा, आंब्याचा हंगाम ठरवतो सूर्य, पण या खेळाचा हंगाम ठरवतात माणसं. घड्याळही त्यांनीच लावलेलं. माणसांनी लावलेल्या घड्याळाला घाबरून रात्र जागवायची का?

मग पास घ्यायचाच नाही का? मी तसं म्हणत नाही. खेळ बांधणीचा आहे, डोकं चालवायला लावतो, मित्रांसोबत मजाही येते. फक्त हे चार नियम वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

एक. आधी चढा, मग पैसे द्या. फोर्टनाइटमध्ये पास हंगामाच्या शेवटीही घेता येतो, आणि तोवर गाठलेल्या पायऱ्यांची बक्षिसं तेव्हा एकदम मिळतात. फुकट खेळणाऱ्याची चढण थोडी हळू असेल, असू दे. शेवटच्या आठवड्यात किती पायऱ्या झाल्या ते बघा आणि मग ठरवा, घ्यायचा की नाही.

दोन. सगळी यादी बघून हवी ती दोन-तीनच बक्षिसं निवडा, आणि ती कितव्या पायरीवर आहेत ते लिहा. त्याच्या पुढची शिडी तुमची नाही.

तीन. पायऱ्या विकत घेऊ नका. खेळायला मजा येते म्हणून आपण खेळतो. खेळणं टाळण्यासाठीच पैसे द्यावेसे वाटले, तर समजा की मजा संपली आणि मजुरी सुरू झाली!

चार. कुणालाही ‘डिफॉल्ट’ म्हणून चिडवायचं नाही. साध्या पोशाखातला खेळाडू कदाचित तुमच्यापेक्षा उंच जिना बांधेल. आणि नाही बांधला, तरी तो तुमचा मित्रच आहे.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. मूल म्हणालं, “फक्त तीन दिवस राहिलेत,” तर ते हट्ट करतंय असं लगेच समजू नका. दोन महिन्यांची मेहनत बुडेल ही त्याची भीती खरी असते. शेवटच्या आठवड्यात मोबाइल हिसकावून घेतला तर भांडणच होईल. त्यापेक्षा हंगाम सुरू होतानाच शेजारी बसा, शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, परीक्षेचे आणि गावाला जायचे दिवस वजा करा, आणि रोजचा वेळ दोघांनी मिळून ठरवा.

आणि हो, बँकेचं कार्ड खेळात कायमचं नोंदवून ठेवू नका. डिसेंबर २०२२ मध्ये एपिक गेम्सने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून एकूण ५२ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. त्यातले २४.५ कोटी ग्राहकांना परत करण्यासाठी होते, कारण बटणांची रचना अशी होती की एका दाबात नको असलेली खरेदी होऊन जाई, असा कमिशनचा आरोप होता. उरलेले २७.५ कोटी मुलांच्या खासगी माहितीच्या कायद्यासंबंधीचे. मोठ्यांचाही अंगठा चुकतो, मग नऊ वर्षांच्या मुलाला दोष कसा द्यायचा? कार्ड दूर ठेवणं हे आपलं काम आहे.

मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ सोपा आहे. तुमच्या आवडत्या खेळाचं एक पान आखा. खेळ पडद्यावरचा असो, कॅरम असो की लगोरी. तीन रकाने करा: किती वेळ खेळलो, काय मिळालं, आणि काहीच मिळणार नसतं तरी खेळलो असतो का? तिसऱ्या रकान्यात ‘हो’ जास्त आले तर खुशाल खेळा. ‘नाही’ जास्त आले, तर शिडीवरून खाली उतरायला काही हरकत नाही. या शिडीवरून उतरताना कुणी पडत नाही.

तुमची पानं सदराच्या नावाने पाठवा. वाट बघते. पुढच्या आठवड्यात भेटूच, मधल्या सुट्टीत!

तुमच्या,
बाई