पिवळी कॅसेट हाही दस्तऐवजच

१/ डहाणू स्थानकापासून तलासरीच्या पाड्यांपर्यंत कुणाच्या माळ्यावर व्हिडिओ गेमची पिवळी कॅसेट पडून असेल, तर ती भंगारात देऊ नये. तो ऐतिहासिक पुरावा आहे.

२/ निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉमच्या (१९८३) कॅसेटला ६० पिना, अमेरिकी एनईएसच्या (१९८५) कॅसेटला ७२. आपल्याकडील पिवळ्या कॅसेटला पाहा, ६० भरतील. अर्थात आपला ‘मारिओ’ बहुतांशी अमेरिकेहून नव्हे, तर जपानी यंत्राच्या पूर्व आशियाई नकलांतून आला.

३/ एम्युलेटरवर ‘कॉन्ट्रा’ अवश्य खेळावा. परंतु एम्युलेटर खेळाची संहिता जपतो. पिना, लेबलवरची ‘९९९९९९ इन १’ ही फुशारकी, रिमोटच्या झिजलेल्या कळा जपत नाही. मूळ साधन हरवले की उरतो तो ऐकीव इतिहास.