दुबई तीन तासांवर, पण सुरत किती तासांवर? नंदुरबारच्या विमानप्रवासाचं गणित

सुरत ते दुबई हे हवाई अंतर साधारण 1,840 किलोमीटर आहे. विमानाला त्यासाठी जवळपास तीन तास लागतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्याहून सुरत विमानतळ गाठायलाही रस्त्याने तीन-चार तास जातात. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचं असतं. म्हणजे दुबईचा तीन तासांचा प्रवास घरापासून मोजला तर नऊ-दहा तासांचा होतो.

हवाई अंतर म्हणजे काय?

पृथ्वीच्या गोलावरून दोन विमानतळांमधलं सर्वात कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. त्याला ताशी 850 किलोमीटर वेगाने भागून उड्डाण आणि उतरण्यासाठी अर्धा तास धरला, की ढोबळ वेळ मिळते. प्रत्यक्षात विमानं ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, म्हणून थोडा जास्त वेळ लागतो. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यामुळे दुबईला जाताना जास्त आणि परतताना कमी वेळ लागू शकतो.

तिकिटावरच्या वेळेचा घोळ का होतो?

तिकिटावर त्या-त्या ठिकाणची स्थानिक वेळ असते. दुबईचं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. सुरतहून 11 वाजता निघालेलं विमान तिथे 12.30 ला उतरलं, तर प्रवास दीड तासाचा नाही, तीन तासांचा झालेला असतो.

नंदुरबारची अडचण काय?

सुरत, जळगाव आणि नाशिकजवळचं ओझर हे तिन्ही विमानतळ नंदुरबार शहरापासून सरळ रेषेत साधारण 140 ते 160 किलोमीटरवर आहेत. नकाशावर तीन पर्याय दिसतात, पण त्यातला एकही हाताशी नाही. विमानतळ असला म्हणजे हवं ते विमान मिळतंच असंही नाही. जळगावला 'उडान' योजनेतून डिसेंबर 2017 मध्ये सेवा सुरू झाली, पण पुढे ती खंडित होत राहिली. सुरतला डिसेंबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आणि दुबईची थेट सेवा सुरू झाली. त्यामुळे परदेशी जाणाऱ्यांसाठी मुंबईपेक्षा जवळचा पर्याय तयार झाला.

मग उपाय काय?

दर वेळी नवी धावपट्टी हाच उपाय असतो असं नाही. उधना-जळगाव रेल्वेमार्गाचं दुहेरीकरण 2018 मध्ये पूर्ण झालं. हा मार्ग नंदुरबारवरून जातो आणि उधना हे सुरत शहरातलंच स्टेशन आहे. विमानांच्या वेळा पाहून गाड्या सुटल्या आणि स्टेशनवरून विमानतळापर्यंत थेट बस मिळाली, तर घरापासूनचा एकूण वेळ कमी होईल. विमानाचा वेग वाढवून हा वेळ वाचणार नाही. तो वाचवायचा तर पहिल्या दीडशे किलोमीटरांकडेच पाहावं लागेल.