‘प्रचंड’ला पंधरा वर्षे का लागली?

हेलिकॉप्टर परदेशातून घ्यायचे की देशात बनवायचे, हा प्रश्न आपल्याकडे देशभक्तीची परीक्षा घेतल्यासारखा विचारला जातो. खरे तर तो हिशेबाचा आणि माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

कारगिलचेच पाहा. 1999 मध्ये त्या उंचीवर लढू शकेल असे हल्ला करणारे हेलिकॉप्टर आपल्याकडे नव्हते. मालवाहू एमआय-17ला रॉकेट बसवून काम भागवले गेले. 28 मे रोजी त्यातले एक क्षेपणास्त्राने पाडले आणि आतले चौघेही गेले.

त्या अनुभवातून एचएएलने हलके लढाऊ हेलिकॉप्टर बनवायला घेतले. तेच आजचे ‘प्रचंड’. 29 मार्च 2010 रोजी ते पहिल्यांदा उडाले. 2015 मध्ये सियाचीनच्या उंचीवर उतरले. हवाई दलात मात्र ऑक्टोबर 2022 मध्ये आले आणि पहिली ऑर्डर होती अवघ्या 15 नगांची. 156 हेलिकॉप्टरांचा 62,700 कोटी रुपयांचा करार व्हायला मार्च 2025 उजाडले. दरम्यान हवाई दलासाठी 22 अमेरिकी अपाचेंचा करार 2015 मध्येच झाला होता आणि 2020 मध्ये लष्करासाठी आणखी 6 अपाचे घ्यायचे ठरले.

अपाचे वाईट यंत्र आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण परदेशी माल वेळेवर येतो, हा समज तपासून पाहावा. लष्कराने अपाचेसाठी जोधपूरला मार्च 2024 मध्ये पथक उभे केले. पहिली तीन हेलिकॉप्टरे आली जुलै 2025 मध्ये. वर्षभराहून अधिक काळ पथक होते, हेलिकॉप्टर नव्हते!

‘प्रचंड’च्या कामात अडीचशेहून अधिक देशी कंपन्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक लहान. असा कारखानदार 15 नगांच्या भरवशावर महागडे मशीन घेत नाही, की आयटीआय झालेल्या फिटर-टर्नरला कायम करत नाही. मित्रांनो, तुमच्यातल्या अनेकांची नोकरी अशाच शेडमध्ये आहे. देशी उत्पादनाला पाठिंबा द्यायचा तर ऑर्डर वेळेवर निघायला हवी आणि दरवर्षी चालू राहायला हवी. नाहीतर कारागीर दुसरीकडे जातात, मग पुन्हा शून्यापासून सुरुवात.

मात्र स्वदेशी आहे म्हणून प्रश्न विचारू नका, हेही आम्हाला मान्य नाही. जानेवारी 2025 मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला. पात्यांचा कोन नियंत्रित करणारा भाग तुटल्याचे तपासात पुढे आले. देशभरातली तीनशेहून अधिक ध्रुव कित्येक महिने जमिनीवर राहिली. ऑगस्टा-वेस्टलँडचा करार लाचेच्या आरोपांवरून 2014 मध्ये रद्द करता येतो, तर सरकारी कंपनीलाही तितकाच कडक जाब विचारता आला पाहिजे. आणि ‘प्रचंड’चे शक्ती इंजिन फ्रेंच कंपनीसोबत विकसित झाले आहे, हेही सांगताना लाजायचे कारण नाही.

आता पाळी लाइट युटिलिटी हेलिकॉप्टरची आहे. ते सप्टेंबर 2016 मध्ये पहिल्यांदा उडाले. जुन्या चीता-चेतकची जागा त्याने घ्यावी अशी योजना आहे. चेतकचा परवाना आपण फ्रान्सकडून 1962 मध्ये घेतला होता. त्यातली हेलिकॉप्टरे घेऊन आपले वैमानिक आजही उडत आहेत.