हिरवी पेटी आणि तांबडी पेटी

हॉटेलातून मागविलेले अन्न आपल्या दारी आणून देणाऱ्या तरुणाच्या पेटीचा रंग कोणता असावा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. अशा प्रश्नावर पाक्षिकाची पाने खर्ची घालावीत काय, असे कोणी विचारील. परंतु आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी छळले ते प्रश्न असेच क्षुल्लक होते. पाणी वरून ओतावयाचे की भांडे हाती द्यावयाचे, चहाची कपबशी कोणत्या फळीवर ठेवावयाची, पैसे हातात द्यावयाचे की जमिनीवर टाकावयाचे, यांपैकी कोणता प्रश्न मोठा होता? म्हणून या पेटीची हकीकत आपण नीट समजून घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

दिनांक १९ मार्च २०२४ रोजी झोमॅटो कंपनीचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी समाजमाध्यमावर एक घोषणा केली. ज्यांना ‘शुद्ध शाकाहारी’ अन्न हवे त्यांच्याकरिता ॲपमध्ये निराळी सोय करण्यात आली होती. त्यांना केवळ शुद्ध शाकाहारी उपाहारगृहेच दिसावयाची, आणि तेथील अन्न पोचविणाऱ्यांचा ताफाही वेगळा राहावयाचा. या ताफ्याचा गणवेश हिरवा आणि पेटीही हिरवी. ज्या उपाहारगृहात मांस शिजते तेथील शाकाहारी पदार्थसुद्धा त्या पेटीत जावयाचा नव्हता. कारण असे सांगण्यात आले की, कितीही काळजी घेतली तरी कधी कधी पेटीत अन्न सांडते आणि त्याचा वास पुढच्या गिऱ्हाइकाच्या अन्नाला लागतो. कोणत्याही धर्माची वा मताची बाजू घेण्याचा हेतू यात नाही, असा खुलासाही त्यासोबतच करण्यात आला होता.

हेतू नसेलही. आपणही तो चिकटवू नये. परंतु विचार करा. रस्सा सांडला तर पेटी धुवावी, पेटीत झाकणाचे कप्पे करावेत, अन्न नीट बांधावे. वासावर उपाय पेटीचा करावयाचा असतो. येथे मात्र माणसांचे दोन ताफे करून त्यांच्या अंगावर दोन रंग चढविण्याचे ठरले. सांडलेल्या रश्श्यावरून विचार निघाला आणि तो थेट माणसाच्या कपड्यांवर येऊन थांबला. हा प्रवास इतका सहज झाला की, ज्यांनी तो केला त्यांना तो झाल्याचे कळलेही नसावे. या देशात विटाळाची कल्पना अशीच वावरते. ती कोणी मुद्दाम आणावी लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेण्यात आला. रातोरात हजारो लोकांनी समाजमाध्यमावर प्रश्न विचारले होते. तांबडी पेटी दिसली की, सोसायटीचा वॉचमन ‘आज सणाचा दिवस आहे’ म्हणून ती फाटकातच अडविणार नाही काय? भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाच्या दारी तांबडी पेटी आली, तर घरमालकाला त्यांच्या ताटात काय आहे ते कळणार नाही काय? गोयल यांनी हे आक्षेप मान्य केले. तांबड्या गणवेशातील कामगारांवर मांसाहाराचा शिक्का बसेल, त्यांच्या सुरक्षिततेलाच धोका होईल, भाडेकरूंनाही त्रास होईल, असे त्यांनी स्वतःच लिहिले आणि सर्वांचा गणवेश तांबडाच राहील असे जाहीर केले. चूक चोवीस तासांच्या आत दुरुस्त करणारे धनिक आपल्याकडे फार नाहीत. तेवढे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

परंतु मागे काय घेतले गेले तेही पाहा. रंग गेला. ताफा निराळा ठेवण्याची योजना राहिली. ती रस्त्यावर न दिसता ॲपमध्ये दिसेल एवढेच ठरले. पुढे या सोयीकरिता ग्राहकांच्या बिलात दोन रुपयांची एक आकारणी दिसू लागली. शाकाहार करणे हा काय दंडनीय अपराध आहे, असा ओरडा होताच जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने क्षमा मागून तीही काढून टाकली. शुद्धतेची किंमत दोन रुपये ठरली आणि तीही कोणी द्यावयास तयार झाले नाही, ही गोष्ट मला मोठी बोधप्रद वाटते.

असो. शाकाहाराशी आपले भांडण नाही. आपल्यापैकी कित्येक कुटुंबांनी स्वतःच्या विचाराने मांस सोडले आहे आणि तो त्यांचा अधिकार आहे. भांडण आहे ते ‘शुद्ध’ या शब्दाशी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ८३ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के कधी ना कधी मांसाहार करतात. एकाचे ताट शुद्ध म्हटले की, या एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या ताटाला काय म्हणावयाचे ते न बोलताच ठरून जाते.

रंग मागे घेतल्याने प्रश्न मिटला असता तर मी लेखणी उचललीच नसती. ज्याची जात वा धर्म ओळखावयाचा त्याला रंगाची गरज नसते, नाव पुरेसे होते. आणि ॲपवर मागणी नोंदविताच अन्न आणणाऱ्याचे नाव गिऱ्हाइकाला दिसते. पूर्वी परक्या गावी आपणांस आडनाव विचारले जाई. आता विचारण्याचेही श्रम उरले नाहीत. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाइकाने अन्न आणणारा हिंदू नाही म्हणून मागणी रद्द केली आणि ते अभिमानाने जगजाहीर केले. त्या वेळी याच झोमॅटो कंपनीने, अन्नाला धर्म नसतो, अशा आशयाचे उत्तर देऊन त्याला पैसे परत करण्याचे नाकारले होते. जून २०२२ मध्ये लखनौत अनुसूचित जातीच्या एका तरुणाने पोलिसांत तक्रार दिली की, आपली जात कळताच गिऱ्हाइकाने अन्न घेण्याचे नाकारले आणि आपणांस मारहाण केली. आरोपीकडून ते नाकारण्यात आले. खरेखोटे न्यायालयाने ठरवावे, पण ती तक्रार वाचून आपल्यापैकी कोणाला नवल वाटले काय?

माझ्या परिचयाच्या एका बौद्ध कुटुंबातील मुलगा पदवी घेऊन हेच काम करतो. तो ज्या वस्तीत अन्न पोचवितो, तेथील एका मोठ्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. डिलिव्हरीवाल्यांनी पहिली लिफ्ट वापरू नये, सामानाची वापरावी, अशी पाटी तेथे लावलेली आहे. सामानाची लिफ्ट बहुधा बंद असते. तो चौदा मजले चढून जातो. उशीर झाला की, रेटिंग त्याचे घसरते, लिफ्टचे घसरत नाही. त्याने मला विचारले, “काका, ही पाटी जातीची म्हणायची का?” मी म्हणालो, पाटीवर जात लिहिलेली नाही. तो म्हणाला, “विहिरीवर तरी कुठे लिहिलेली असायची?” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

कायदा येथे कोठे उभा आहे ते आता पाहू. घटनेच्या पंधराव्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास दुकानात वा सार्वजनिक उपाहारगृहात मज्जाव करण्यास बंदी केली आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत ‘दुकान’ म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा स्पष्ट केले की, हा शब्द अत्यंत व्यापक अर्थाने योजिला आहे. मागेल त्याला आपली सेवा देण्यास जो तयार आहे, त्याची ती जागा म्हणजे दुकान. धोबी आणि न्हावी हेही त्यात आले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने या शब्दाचा असाच व्यापक अर्थ लावला. तेव्हा दूरध्वनीच्या पडद्यावर उघडलेले दुकान हेही दुकानच होय, असे माझे मत आहे.

परंतु हे कलम दुकानात येणाऱ्याचे रक्षण करते. दुकानातून निघून गिऱ्हाइकाच्या दाराशी जाणाऱ्याचे काय? घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, ती दारातही नष्ट केली आणि लिफ्टमध्येही. तथापि, रोजच्या कामात त्याला सांभाळावयाचे कोणी? कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. ज्याला नफ्यात वाटा नाही, हिशेब पाहण्याचा अधिकार नाही आणि एका सकाळी उठून पाहावे तो ज्याचा आयडी ब्लॉक झालेला असतो, असा भागीदार व्यापाराच्या इतिहासात पूर्वी कोणी पाहिला नसेल.

आपल्या वडीलधाऱ्यांना महार वतन आठवत असेल. दिवस असो की रात्र, सरकारचे वा गावाचे बोलावणे आले की निघावयाचे, आणि मोबदला काय तर बलुते. त्या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. वतन प्रत्यक्ष गेले ते १९५८ च्या कायद्याने. मी ही तुलना ताणणार नाही. वतनदाराला घरी बसण्याची मोकळीक नव्हती. आजचा तरुण ॲप बंद करून घरी जाऊ शकतो आणि हा फरक लहान नाही. पण ॲप बंद केले की इन्सेंटिव्ह बुडतो, आणि इन्सेंटिव्ह बुडाला की पेट्रोलचे पैसे वजा जाता हाती फारसे उरत नाही. कामाचे तास कोणी ठरविलेले नाहीत, म्हणून ते संपतही नाहीत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना तयार झालेल्या १९४६ च्या कायद्याने कारखान्यातील आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. तो कायदा मोटारसायकलवर बसलेल्या या मजुरापर्यंत पोचत नाही, कारण त्याला कारखाना नाही आणि मालकही नाही.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत अशा कामगारांचा प्रथमच उल्लेख आहे. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेकरिता द्यावयाची आहे, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून ती अधिक असणार नाही. राजस्थानने २०२३ मध्ये देशातील पहिला असा कायदा केला. कर्नाटकाचा २०२५ चा कायदा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात पैशाबरोबर कारणही मागितले आहे. कामावरून काढावयाचे तर सबळ कारण द्यावे आणि चौदा दिवस अगोदर सूचना द्यावी, असे तो म्हणतो. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु विमा मिळाला म्हणजे लिफ्ट मिळाली असे नव्हे. गिऱ्हाइकाने जात काढली, तर त्या गिऱ्हाइकाचे खाते बंद करण्याचे बंधन कंपनीवर असावे. जातीपायी दिलेले वाईट रेटिंग तक्रारीनंतर पुसले जावे. आणि ॲपवर नावाऐवजी केवळ क्रमांक दिसावा की नाही, ते त्या कामगाराला ठरवू द्यावे. आपल्या संघटनांनी या तीन मागण्या लावून धराव्यात असे मला वाटते. क्रमांकाबाबत मी जरा साशंक आहे. नाव लपवून मिळणारा मान घेण्यासाठी आपण धर्मांतर केलेले नाही. परंतु मार खावा लागणाऱ्याच्या वतीने मी हट्ट धरणार नाही.

आपल्या मुलांना दोन गोष्टी घरातच सांगून ठेवा. पहिली अशी की, बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचे संरक्षण जाते हा समज १९९० पासून खरा उरलेला नाही. त्या वर्षीच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश झाला, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्यांच्याही बाजूस उभा आहे. दुसरी अशी की, जातिवाचक अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी व्हावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले आहे. म्हणून उंबऱ्याच्या आत जाऊ नये, जिन्यात वा फाटकाशी कोण हजर होते त्यांची नावे लगेच टिपून ठेवावीत. ई-श्रमवर नोंदणीही करावी. त्यांना ओळखपत्र आणि आरोग्य योजनेचा लाभ देण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झालेली आहे.

आणि एक बोलणे आपल्याच घराविषयी. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता कचेऱ्यांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत, अशाच सोसायट्यांत राहतात, आणि रात्री ॲपवरून जेवण मागवितात. त्यांच्या जिन्यातही ती पाटी असेल. सोसायटीच्या वार्षिक सभेत ती पाटी काढण्याचा ठराव त्यांच्यापैकी किती जणांनी मांडला? माझ्या परिचयाच्या त्या मुलाने मला हेही सांगितले की, चौदाव्या मजल्यावरील ज्या दाराशी तो वरचेवर जातो, त्या दारातून आत बाबासाहेबांची मोठी तसबीर दिसते. तेथील बाई पाकीट घेतात आणि दार लावतात. एकदा त्याने पाणी मागितले. त्यांनी दिले, पण ‘लिफ्टने का नाही आलास’ असेही विचारले. तो पाटीविषयी बोलला. त्या म्हणाल्या, “अरे, हो का? मी कधी वाचलीच नाही.”