घाटातला ताप
ऑटोमॅटिक गाडीच्या डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असलाच, तर तो बहुधा इंजिनातल्या कूलंटचा असतो, गिअरबॉक्सचा नव्हे. गोची इथेच आहे. खंबाटकी घाटाच्या चढावर ट्रकमागे गाडी मुंगीच्या पावलाने सरकते तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागातलं, तेल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. एरवी 80-90 अंशांच्या आसपास राहणारं तेल 120 च्या पुढे रेंगाळलं की त्याचं आयुष्य झपाट्याने घटतं. काटा मात्र मधोमध, शांत. म्हणून स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटात बसणारा, तेलाचं तापमान फोनवर दाखवणारा काडेपेटीएवढा ब्लूटूथ रीडर मला चैन वाटत नाही. ‘धोक्याचा दिवा असतोच की’ हे खरं, पण तो लागतो ताप चढून गेल्यावर. फोनवर आकडा चढताना दिसतो, आणि तेवढ्यात गाडी बाजूला घेऊन, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून तेल फिरतं ठेवता येतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: कूलंटचं तापमान वाचण्याचा कोड प्रमाणित आहे, गिअरबॉक्सच्या तेलाचा मात्र बहुतेक कंपन्यांचा ज्याचा त्याचा. चुकीचा कोड घातलेलं ॲप बेधडक भलताच आकडा दाखवतं. तेव्हा रात्रभर उभ्या गाडीत सकाळी इंजिन तापण्याआधी पहिला आकडा पाहावा. तो हवेच्या तापमानाशी जुळत नसेल तर कोड चुकला. आणि हो, घाटात फोनकडे बघायचं शेजारच्याने.