चित्रातले घर आणि घरातला ताप

कॅलेंडरवर किंवा बिस्किटांच्या डब्यावर इंग्लंडमधल्या खेड्यातले टुमदार घर आपण सर्वांनीच पाहिलेले असते. गवताने शाकारलेले छप्पर, भिंतीवर चढलेला गुलाबाचा वेल, धुराड्यातून निघणारा धूर. व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७ ते १९०१) जमीनदारांच्या इस्टेटीवर राबणारे शेतमजूर अशा घरांत राहत. आरोग्याच्या दृष्टीने ती कशी होती, हे मात्र चित्रात दिसत नाही.

डॉ. ज्युलियन हंटर यांनी सरकारसाठी शेतमजुरांच्या ५,३७५ घरांची पाहणी केली. १८६५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे बोलके आहेत. २,१९५ घरांत झोपायला एकच खोली होती, २,९३० घरांत दोन. दोनपेक्षा जास्त खोल्यांची घरे अवघी २५०! एका खोलीत आईबाप, वाढत्या वयाची मुले-मुली आणि घरात कोणी आजारी असेल तर तोही. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. दारे-खिडक्या बंद करून, दाटीने झोपणाऱ्या घरात त्यांना आणखी काय हवे? भिंतींना ओल आणि विहिरीच्या शेजारीच संडासाचा खड्डा असला की विषमज्वरही आलाच.

खेड्यात हवा शुद्ध, म्हणून प्रकृती उत्तम, असे आपण सहज म्हणतो. एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या अहवालात रटलंड या ग्रामीण परगण्याचे आकडे आहेत. तेथील प्रतिष्ठित कुटुंबांत मृत्यूचे सरासरी वय ५२ वर्षे होते, तर मजुरांच्या कुटुंबांत ३८. बालमृत्यू धरून काढलेली ही सरासरी आहे. हवा दोघांची एकच, पण आयुष्यात चौदा वर्षांचे अंतर!

मग जमीनदार चांगली घरे का बांधत नव्हते? कारण हिशेबाचे होते. गावातील निराधारांचा खर्च त्या गावालाच कररूपाने भरावा लागे. मजूर गावात राहिला तर म्हातारपणी त्याचा भार आपल्यावर येईल, म्हणून काही जमीनदारांनी घरे बांधणे टाळले, काहींनी असलेली पाडली. मजूर शेजारच्या गावात दाटीवाटीने राहू लागले आणि रोज मैलोगणती चालत कामावर येऊ लागले. १८६५ च्या कायद्याने हा खर्च अनेक गावांत मिळून विभागला, तेव्हा घर पाडण्यातला फायदा संपला.

चांगले मालकही होते, हे मान्य केले पाहिजे. बेडफर्डच्या सातव्या ड्यूकने आपल्या इस्टेटीवर मजुरांसाठी पक्की घरे बांधली. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५१ च्या लंडन प्रदर्शनात कष्टकरी कुटुंबांसाठी नमुन्याची घरे उभारली. तीन शयनगृहे, स्वतंत्र संडास, ओल येऊ नये म्हणून पोकळ विटा. म्हणजे काय करायला हवे हे ठाऊक होते. पण ते करायचे की नाही, हे मालकाच्या मर्जीवर होते. शिवाय नोकरी गेली की घरही जाई. अशा माणसाने विहिरीच्या पाण्याबद्दल तक्रार कशी करावी? शेतमजुरांच्या अशा घरांना कायद्याचे भक्कम संरक्षण मिळायला १९७६ साल उजाडावे लागले.

रोग मात्र मालक-मजूर पाहत नाही. १८७१ मध्ये स्कारबरोमधल्या एका श्रीमंती निवासात उतरलेल्या मंडळींना विषमज्वर झाला. युवराज एडवर्ड थोडक्यात वाचले. अर्ल ऑफ चेस्टरफील्ड आणि युवराजांचा मोतद्दार दगावले. सांडपाण्याचा प्रश्न राजवाड्याच्या दाराशी आला, तेव्हा देश हादरला. झोपडीत तो वर्षानुवर्षे होताच.

माझे मत स्पष्ट आहे. निरोगी घर ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे आणि तो कायद्यानेच टिकतो. तापाच्या रुग्णाला गोळ्या देताना डॉक्टरांनी आणखी तीन प्रश्न विचारावेत : एका खोलीत किती जण झोपता? पाणी कोठून आणता? संडास विहिरीपासून किती लांब आहे? आणि ज्यांच्या आवारात कामाचा माणूस कुटुंबासह राहतो, त्यांनी हेच प्रश्न आज स्वतःला विचारावेत.